डब्याखालचा धर्मा

एकनाथ इंगोले यांच्याकडे बघून हा माणूस लोकांना हसवतो असं कुणाला वाटणार नाही. दहावीच्या परीक्षेला पर्यवेक्षक म्हणून आलेले मास्तर वाटतात. इतक्या वर्षांच्या ओळखीत मी त्यांना मोठ्यानं हसताना पाहिलेलं नाही. त्यांना कुणी विनोद सांगितला तर ते शेवटपर्यंत ऐकून घेतात, मान हलवतात आणि 'बरं' म्हणतात. सांगणारा पुन्हा त्यांच्या वाटेला जात नाही.

मी बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत, कापडाचे रंग बनवणाऱ्या एका कंपनीत मनुष्यबळ विभागात काम करते. मनुष्यबळ विभाग म्हणजे रजा, हजेरी, बसचे पास आणि ज्याला कुणी वाली नाही असं प्रत्येक काम. कंपनीचं 'भोंगा' नावाचं मासिक या शेवटच्या प्रकारात मोडतं. पहिल्या पानावर वरिष्ठांचा संदेश असतो, जो ते लिहीत नाहीत आणि आम्ही वाचत नाही. मग वाढदिवस, निवृत्ती, परीक्षेत चमकलेली मुलं आणि दरवर्षी त्याच खड्ड्यात होणारं वृक्षारोपण. शेवटच्या पानावर इंगोल्यांचं व्यंगचित्र, विषय कायम एकच: कामावरची सुरक्षा. लोक 'भोंगा' मागून उघडतात आणि बरेच जण तिथूनच मिटतात. संपादक म्हणून त्यावर माझं नाव छापतात. मला याचं वाईट वाटायला हवं, पण वाटत नाही, कारण मीही तेच करते.

इंगोले मूळचे अकोल्याकडचे, मूर्तिजापूरच्या पुढचे. आयटीआयमध्ये ड्राफ्ट्समनचा कोर्स करून ते बोईसरला आले आणि आमच्या कंपनीच्या ड्रॉइंग ऑफिसात चिकटले. दिवसभर पाइप आणि व्हॉल्व्हच्या सरळ रेषा काढायच्या, संध्याकाळी खोलीवर वाकड्या. त्यांचं पहिलं चित्र एका साप्ताहिकात छापून आलं तेव्हा नवीनच लग्न झालेलं होतं. त्यांनी अंक बायकोच्या हातात दिला. तिनं तो उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "यात हसायचं कुठं ते सांगा, म्हणजे मी हसते." त्यांनी बोट ठेवून दाखवलं. ती हसली. संसार चांगला झाला त्यांचा.

मग साप्ताहिकं, मासिकं आणि दिवाळी अंक. व्यंगचित्रकाराची दिवाळी ऐन उन्हाळ्यात असते हे मला त्यांच्यामुळे कळलं. दिवाळी अंकाची चित्रं संपादकाला पावसाच्या आत हवी असतात. त्यामुळे बाहेर आंब्याचे ढीग लागलेले, अंगाला बनियन चिकटलेला, पंखा लावला तर कागद उडतो म्हणून तो बंद, आणि हा गृहस्थ चकल्या, आकाशकंदील आणि उटणं लावून कुडकुडणारे नवरे काढत बसलेला. संपादकांच्या आवडीही ठरलेल्या होत्या. लाटणं घेतलेली बायको, डॉक्टर आणि वेडा, निर्जन बेट. इंगोल्यांनी लाटणं कधी काढलं नाही. त्यांच्या घरी लाटणं पोळ्यांसाठी वापरतात, असं त्यांनी एका संपादकाला कार्डावर कळवलं होतं. बेट मात्र काढलं. निर्जन बेटावर त्यांनी इतकी माणसं नेऊन सोडली, की आता तिथे ग्रामपंचायत व्हायला हरकत नव्हती.

त्यांचं नाव होतं ते कल्पनांसाठी. इतर व्यंगचित्रकार कल्पना सुचत नाही म्हणून कपाळ धरून बसायचे आणि इंगोल्यांचं पाकीट सगळ्यांच्या आधी पोचायचं. पालघरच्या वाचनालयानं एकदा त्यांना मुलांसमोर बोलायला बोलावलं. मी पालघरचीच, म्हणून मलाही ओढून नेलं. एका मुलीनं विचारलं, "सर, तुम्हाला एवढ्या कल्पना सुचतात कशा?" इंगोल्यांनी बराच वेळ विचार केला. इतका, की आयोजक पाण्याचा ग्लास घेऊन पुढे आले. मग ते म्हणाले, "निरीक्षण." आणि खाली बसले. बसताना खुर्ची जराशी सरकली आणि त्यांचं कोपर टेबलावर आपटलं. आमचं लक्ष मुलीकडे होतं. तिनं वहीत 'निरीक्षण' लिहून खाली दोन रेघा मारल्या.

बोटाला चिकटपट्टी नसलेले इंगोले मी पाहिलेच नाहीत. कधी अंगठ्याला, कधी करंगळीला, कधी भुवईवर. ब्लेडनं पेन्सिली तासणाऱ्या माणसाला असं होतच असेल, अशी आमची समजूत होती. कलावंतांचं काहीबाही असतंच.

आता धर्मा. 'भोंग्या'तल्या प्रत्येक चित्रात एकच माणूस असतो. त्याचं नाव धर्मा. पोट पुढे, डोक्यावर वाऱ्यानं हलणारी केसांची एकच बट, आणि नाक असं की त्याचं टोक खाली वळून थेट मिशीत शिरलेलं. धर्मा हेल्मेट घालत नाही. धर्मा शिडी पकडायला माणूस घेत नाही. धर्मा गॉगल कपाळावर चढवतो आणि ठिणग्यांकडे उघड्या डोळ्यांनी बघतो. चौकोनाच्या शेवटी धर्मा बँडेजमध्ये असतो आणि खाली एक ओळ: 'धर्मासारखं करू नका.' गेली वीस-बावीस वर्षं धर्मा दर महिन्याला पडतो, भाजतो, चेंगरतो आणि पुढच्या महिन्यात नव्या उत्साहानं कामाला येतो.

हा धर्मा खरा आहे. म्हणजे नाक खरं आहे. धर्माजी तामोरे, देखभाल विभागातला फिटर, राहणार दांडी, इथलंच समुद्रकाठचं गाव. बाप-भाऊ समुद्रावर जाणारे, हा एकटा कारखान्यात आला. देखभालीची शेड ड्रॉइंग ऑफिसला लागून, त्यामुळे इंगोल्यांची आणि त्याची पहिल्यापासूनची ऊठबस. पहिलं चित्र छापायच्या आधी माझ्या जागेवर तेव्हा जे साहेब होते, त्यांनी धर्माजीला बोलावून विचारलं होतं, तुझी हरकत आहे का? धर्माजीनं चित्र लांब धरून पाहिलं आणि म्हणाला, "नाक माजंच हाय. हरकत काय घेऊ? तो दुसऱ्याचं नाक लावील तर हरकत घेईन."

पहिला अंक दांडीला पोचला तेव्हा गोंधळ झाला होता. चित्रातला धर्मा गळ्यापर्यंत प्लॅस्टरमध्ये. मुरब्याहून त्याचे सासरचे लोक बिस्किटाचे पुडे आणि शहाळी घेऊन आले. धर्माजी दारात जाळं विणत बसला होता. पाहुणे चिडले. आजारी नव्हतं पडायचं तर चित्र कशाला छापलं, असं त्यांचं म्हणणं पडलं. प्रेमलावहिनींनी, म्हणजे धर्माजीच्या बायकोनं, त्यांची समजूत घातली आणि शहाळी ठेवून घेतली. पुढे गावाला सवय झाली. किनाऱ्यावर कुणीही भेटलं तरी, "धर्मा, या महिन्याला कुठं पडला?" एवढंच विचारायचं. धर्माजीही सांगायचा, "टाकीत."

गंमत अशी की खुद्द धर्माजीला नोकरीभर साधं खरचटलेलंही नाही. तो कंपनीच्या प्रथमोपचार पथकात होता. दंडावर पांढरी पट्टी, खिशात कापूस.

हसण्यावारी नेण्यासारखं सगळंच नसतं, हेही सांगायला हवं. वसाहतीत कधी कुठे मोठा आवाज होतो. लगतच्या सरावलीतल्या घरांच्या खिडक्या थरथरतात, बायका ओट्यावरून बाहेर येतात आणि ज्या दिशेला धूर दिसतो तिकडे आपलं माणूस आहे का याचा हिशेब सुरू होतो. अशा महिन्यात इंगोले चित्र देत नाहीत. मीही मागत नाही. शेवटचं पान कोरं सोडतो. वरून विचारणा झाली तर छपाईची चूक म्हणून सांगते. छपाईवाल्यालाही ते माहीत आहे.

इंगोले निवृत्त झाले त्याला काही वर्षं झाली. ड्रॉइंग ऑफिसात कॉम्प्युटर आले होतेच. साप्ताहिकं एकेक करून मिटली, दिवाळी अंक बारीक झाले. परवाच्या उन्हाळ्यात एका संपादकाचा फोन आला. तो म्हणाला, "चित्र आता मशीन काढतं. तुम्ही फक्त कल्पना द्या. तुम्हाला काय, कल्पनांना तोटा नाही." इंगोल्यांनी हे मला सांगितलं तेव्हा त्यांच्या हनुवटीला चिकटपट्टी होती. "मग काय म्हणालात?" मी विचारलं. "बरं म्हणालो," ते म्हणाले. पण त्यांनी काही दिलं नाही. राहिला फक्त 'भोंगा'. आणि 'भोंगा'ही कागदावरून मोबाइलवर न्यायचा, असं वरून ठरलं. मला कपाटं रिकामी करायला सांगितलं. जुन्या अंकांचे गठ्ठे मी मागेल त्याला वाटले. पॅकिंगमधल्या विक्रमनं सर्वांत मोठा गठ्ठा नेला. आईला मांडणीवर अंथरायला कागद हवे होते.

इथपर्यंत सगळं ठीक होतं.

विक्रम महिन्याभरानं माझ्या टेबलासमोर येऊन उभा राहिला. सरळ मुलगा. वडील रामकिसन, परभणीकडचे, पलीकडच्या एका कारखान्यात बॉयलरवर. आई गोजराबाई. घर सरावलीत.

"मॅडम," तो म्हणाला, "तुमच्या मासिकानं माझं लग्न मोडलं."

त्याचं आणि धर्माजीच्या लेकीचं, समिधाचं, जुळल्याचं मला माहीत होतं. समिधा आमच्याच लॅबमध्ये आहे. अख्ख्या कंपनीला माहीत होतं, फक्त त्या दोघांना वाटायचं की कुणाला माहीत नाही. दोघांनी घरी सांगायच्या आधी चांगली तयारी केली होती. जातीचा प्रश्न निघाला तर काय बोलायचं, पत्रिकेचा निघाला तर काय, आणि परभणीच्या घरात बोंबील कसे चालायचे याचं उत्तर तर समिधानं पाठ केलं होतं. गोजराबाईंनी यातलं काहीच विचारलं नाही. माशांच्या वासाबद्दल त्या एवढंच म्हणाल्या की आपण कोणता अत्तराचा वास घेतोय इथं. मग धर्माजी बोलणी करायला त्यांच्या घरी आले. गोजराबाईंनी त्यांच्या नाकाकडे पाहिलं, उठून आत गेल्या, तुरीच्या डाळीचा डबा उचलला आणि खालचा कागद बघून परत आल्या.

"ह्या मानसाच्या घरची सोयरीक नको," त्या म्हणाल्या.

विक्रमनं जिवाचा आटापिटा केला. आई, ती चित्रं आहेत, मनानं काढलेली आहेत. त्यावर त्यांनी विचारलं, "मनानं काडली तर नाक खरं कुटून आलं?"

"आता?" मी विचारलं.

"समिधा म्हणते, आई हो म्हणेपर्यंत ती थांबेल. पण आईच्या 'नाही'मध्ये कधी बदल झालेला मी पाहिलेला नाही." त्याचे डोळे भरले होते. मी कागद उगाच इकडचे तिकडे केले.

मी इंगोल्यांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. 'बरं' म्हणाले नाहीत. म्हणाले, "रविवारी जाऊ. धर्मालाही घेऊ."

रविवारी आम्ही तिघं सरावलीला गेलो. दोन खोल्यांचं नीटनेटकं घर. स्वयंपाकघराच्या भिंतीला लोखंडी मांडणी, तीवर पितळेचे नि स्टीलचे डबे रांगेनं, आणि प्रत्येक कप्प्यात 'भोंग्या'ची शेवटची पानं अंथरलेली, पुढे दोन बोटं दुमडून. दुमडीवर धर्माची बँडेजमधली पावलं ओळीनं लोंबत होती. मासिकाचा इतका चांगला उपयोग मी आजवर पाहिला नव्हता.

आम्हाला पाटावर बसवलं. रामकिसन भिंतीला टेकून उभे राहिले. या घरात शेवटचं बोलणं कुणाचं हे त्यांच्या उभं राहण्यावरूनच कळत होतं. विक्रम दारात. धर्माजी पांढरा शर्ट घालून आले होते आणि जमेल तेवढं नाक खाली घालून बसले होते.

इंगोल्यांनी घसा साफ केला. "ताई, मी व्यंगचित्रकार आहे. हे सगळं माझ्या कल्पनेतून काढलेलं आहे."

"म्हंजी खोटं काडता तुमी?"

हा प्रश्न त्यांना आयुष्यात कुणी विचारला नसावा. "कल्पना म्हणजे अगदी खोटं नव्हे..." ते म्हणाले.

"मग खरं हाये."

"तसंही नाही."

गोजराबाई चिडलेल्या नव्हत्या. त्यांनी चहा ठेवला होता. त्या गॅसकडे बघत बोलल्या, "दादा, माझं ऐका. ह्ये कामावर गेले की मी एक कान उगडा ठिवून भांडी घासते. लेकरू बी तिकडंच. मोटा आवाज आला की हातातलं भांडं तितंच ऱ्हातं अन् मी रस्त्यावर. आमच्या गल्लीत मी दोन बाया बगितल्या हायेत ज्यांचा मानूस दुसऱ्याच्या चुकीनं गेला. तुमी हसायसाटी काडता. आमच्यात कुनी त्याला हसत न्हाई. मला जातीचं काही न्हाई, माशाचं न्हाई. फक्त निष्काळजी मानूस घरात नको. त्येचं रगत लेकीत येतं."

मला पहिल्यांदा वाटलं की बाई बरोबर बोलतायत आणि आपण परत जावं.

त्या उठल्या. तुरीच्या डाळीचा डबा खाली ठेवला, कागद ओढून इंगोल्यांच्या पुढ्यात टाकला. "ही शिडी. ह्यो पडला का न्हाई?"

चित्रात धर्मा शिडीवरून उलटा कोसळत होता, हातात ट्यूबलाइट. इंगोल्यांनी कागद उचलला. बराच वेळ पाहिला. मग डावी बाही कोपरापर्यंत सरकवली. कोपरावर जुना, पांढरा, लांब व्रण होता.

"ती शिडी नव्हती," ते म्हणाले. "स्टूल होतं. ड्रॉइंग ऑफिसातलं. ट्यूब मी बदलत होतो."

मी त्यांच्याकडे पाहतच राहिले. गोजराबाईंनी ज्वारीच्या पिठाचा डबा उचलला. खाली धर्माचा अंगठा प्रेसमध्ये.

"हे स्टेपलर," इंगोले म्हणाले आणि अंगठा पुढे केला. नखाच्या मधोमध खळगा होता.

गुळाचा डबा. धर्मा रंगाच्या टाकीत, फक्त पाय वर.

"ही ऑफिसच्या गच्चीवरची पाण्याची टाकी. झाकण आहे की नाही ते बघायला गेलो. नव्हतं."

शेंगदाण्यांचा डबा. धर्मा वायरीच्या गुंत्यात.

"ते दांडीला. बोंबील वाळत घालतात त्या बांबूंच्या मांडणीत. मी चित्र काढत मागे मागे सरकत होतो. सगळे बोंबील माझ्या अंगावर आले. यांच्या बायकोनं मला आजवर माफ केलेलं नाही."

"केलंय," धर्माजी हळूच म्हणाले. "बोंबलांचं नाय केलं, पण तुजं केलंय."

एकेक डबा खाली येत गेला. रवा, मीठ, मसूर. इंगोले प्रत्येक कागद हातात घेऊन तो अपघात कुठला आणि जखम कुठे ते दाखवत होते. आवाज तोच, परीक्षेतल्या सूचना वाचतात तसा. भुवई, गुडघा, करंगळी. एक दाखवली नाही, पाठीवर होती म्हणाले. शेवटी मांडणी रिकामी झाली आणि जमिनीवर डबे आणि धर्मे पसरले.

"ताई," इंगोले म्हणाले, "लोक मला विचारतात कल्पना कशी सुचते. मला आयुष्यात एकही कल्पना सुचली नाही. मी पडतो. पडलो की काढतो. पडलो नाही त्या महिन्यात निर्जन बेट काढतो. ह्या बावीस वर्षांत चित्रातला एकही अपघात या माणसाचा नाही. सगळे माझे आहेत."

माझ्या डोक्यात त्या वाचनालयातल्या मुलीची वही आली, आणि फोनवर कल्पना मागणारा तो संपादक. कल्पना द्यायची म्हणजे काय करावं लागतं, हे त्या बिचाऱ्याला कुठून माहीत असणार.

गोजराबाई धर्माजींकडे वळल्या. "अन् तुमी? तुमी कदी बोलले न्हाईत? गावभर तुमचं नाव."

"काय बोलू बाय?" धर्माजी म्हणाले. "सुरक्षेची चित्रं काडतो तोच रोज पडतो, असं कळलं असतं तर कंपनीनं त्याचं पान बंद केलं असतं. घरी बायको ओरडली असती ती येगळीच. माजं काय जातं? आमी कोळी लोक. आमाला हसले तरी मासा तेवडाच मिळतो."

"ते ऱ्हाऊ द्या." त्या पुन्हा इंगोल्यांकडे वळल्या. त्यांचा मूळ प्रश्न अजून तिथेच होता. "पडले तुमी. मग नाक ह्यांचं का लावलं? तुमाला नाक न्हाई?"

चहा उतू जायच्या बेतात होता. कुणी हललं नाही. इंगोल्यांनी हातातला कागद गुडघ्यावर सरळ केला.

"माणूस पडतो तेव्हा त्याला स्वतःचं तोंड दिसत नाही," ते म्हणाले. "मी पडायचो. डोळे मिटायचे. डोळे उघडले की वर एकच तोंड दिसायचं. दर वेळी. हा वाकून बघत असायचा, 'एकनाथ, हात हलतो का बघ' म्हणत. वेदना व्हायच्या तेव्हा मी हेच नाक बघायचो. नंतर कागदावर पडणारा माणूस काढायला बसलो की हेच नाक यायचं. दुसरं मला येत नाही. मी प्रयत्न केला होता."

धर्माजींनी मान आणखी खाली घातली. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. रामकिसननी पुढे होऊन गॅस बंद केला.

गोजराबाई त्या पसाऱ्यात उभ्या होत्या. त्यांनी धर्माजींना नीट निरखून पाहिलं. या वेळी फक्त नाकाकडे नाही, संपूर्ण.

"म्हंजी ह्यो पडनारा न्हाई," त्या सावकाश म्हणाल्या. "ह्यो उचलनारा हाये."

"व्हय," रामकिसन म्हणाले. दिवसभरातला त्यांचा तो एकुलता एक शब्द.

"तुमच्यात पडनारं कुनी हाये का दुसरं?"

"नाय," धर्माजी म्हणाले. "आमच्यात पडणारा कोण नाय. पडणारा फक्त रविवारी येतो पाव्हणा."

गोजराबाईंनी चहा गाळला. पहिला कप धर्माजींना दिला. इंगोल्यांना देताना कप थेट हातात दिला नाही. पुढ्यात पाट सरकवला, त्यावर बशी, बशीत कप, आणि म्हणाल्या, "बसून प्या, दादा. उटू नका." मग विक्रमला म्हणाल्या, "समिधाला फोन लाव." तो आधीच बाहेर जाऊन लावत होता.

'भोंग्या'चा शेवटचा छापील अंक पुढच्याच महिन्यात निघाला. इंगोल्यांनी चित्र आणून दिलं. मी पाकीट उघडून पाहिलं. चौकोन एकच. खालच्या कडेला चपला घातलेली दोन पावलं, कुणाची ते दिसत नाही, फक्त आडव्या पडलेल्या माणसाची आहेत हे कळतं. एका कोपऱ्यात उलटं झालेलं स्टूल. आणि उरलेल्या सगळ्या कागदभर धर्माचा चेहरा, वरून वाकलेला. केसांची बट लोंबलेली, नाक मिशीत. डोळे मात्र आजवर कधी काढले नव्हते असे. बँडेज नाही. खाली ओळ नाही.

माझ्या वरिष्ठांनी ते पाहून विचारलं, "यात विनोद कुठे आहे?"

"नाही," मी म्हटलं.

"आणि सुरक्षेचा संदेश?"

"तो आहे."

त्यांनी पुन्हा पाहिलं. जायला उशीर होत होता म्हणून की काय, सही केली. अंक निघाल्यावर तक्रारी आल्या. धर्मा म्हातारा दिसतो, मजा गेली, ओळ छापायची राहिली का. मी सगळ्यांना छपाईची चूक म्हणून सांगितलं. इंगोल्यांच्या बायकोनं मात्र अंक हातात घेतला आणि हसायचं कुठे ते विचारलं नाही, असं इंगोल्यांनीच सांगितलं. बाकी तिनं काय विचारलं ते त्यांनी सांगितलं नाही. पण आता ट्यूब बदलायला शेजाऱ्यांना बोलावतात.

लग्न दांडीला झालं. इंगोल्यांना मांडवात एका जागी बसवलं होतं आणि बाजूला लक्ष ठेवायला माणूस. तो माणूस कोण हे सांगायला नकोच. वधुपिता असूनही धर्माजी दर थोड्या वेळानं येऊन खुर्चीचे पाय बघून जात होते.

लग्नानंतर गोजराबाईंनी आम्हाला सरावलीला जेवायला बोलावलं. 'भोंगा' मोबाइलवर गेल्यामुळे मांडणीवर आता फुलाफुलांचं प्लॅस्टिक आलं होतं. डबे घासूनपुसून पुन्हा रांगेत लावलेले. मधल्या कप्प्यात एकच कागद राहिला होता. शेवटच्या अंकाचं शेवटचं पान, दुमड न घालता, सपाट अंथरलेलं, वाकून बघणारं ते तोंड अख्खं दिसेल असं. समिधा पोळ्या लाटत होती. पिठाचा डबा जागेवर ठेवावा म्हणून मी तो उचलून मधल्या कप्प्याकडे नेला.

"तितं नको, मॅडम," गोजराबाई म्हणाल्या. "खाली ठिवा."

मी डबा खाली ठेवला.